‘नासा ट्रिप’ची नोटीस आणि आजोबांच्या गुडघ्याची एफडी

पत्र असं आहे:

‘ताई नमस्कार, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मुलगी आठवीत आहे. शाळेने मे महिन्यात अमेरिकेची ‘नासा एज्युकेशनल टूर’ काढलीये, ११ दिवस, ३ लाख ६० हजार, टॅक्स वेगळे. पहिला हप्ता ७५ हजार, २० तारखेपर्यंत भरायचा, आणि तो परत मिळणार नाही असं नोटिशीतच लिहिलंय. आमच्या दोघांचे मिळून हातात १ लाख ४५ हजार येतात. घराचा हप्ता ५४ हजार, फी, क्लास, सासू-सासरे आमच्याकडेच असतात, सगळं धरून महिन्याला १ लाख १५ हजार जातातच. ४ लाख २० हजारांची एक एफडी आहे, सासऱ्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आणि अडीअडचणीला ठेवलेली. मिस्टर म्हणतात पर्सनल लोन काढू, शिक्षणाला नाही म्हणायचं नाही. सासूबाई म्हणतात एवढ्या लांब पोरीला एकटीला कशाला. वर्गातली ३८ पैकी १४ मुलं चाललीयेत, तिच्या दोन्ही मैत्रिणी त्यात आहेत. रोज विचारते. परवा म्हणाली, ‘आई, आपण गरीब आहोत का?’ काय करू? – एक आई’

ताई, आधी उत्तर सांगून टाकते कारण २० तारीख जवळ आलीये आणि मी पुढे बरंच बोलणार आहे. या वर्षी नको. लोन काढून तर नकोच नको, आणि त्या एफडीला हात लावू नका.

आता का ते. नोटिशीतला ‘एज्युकेशनल’ हा एवढा एकच शब्द पेनाने खोडा आणि उरलेलं परत वाचा. एका माणसाची अमेरिका टूर, ११ दिवस, ३ लाख ६० हजार. मिस्टरांना विचारा, तुम्ही उद्या म्हणालात की मला एकटीला फ्लोरिडा आणि न्यूयॉर्क फिरायचंय, त्यासाठी पर्सनल लोन काढू या, तर ते काय म्हणतील? वेड्यात काढतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. मग त्याच टूरच्या पुढे ‘शिक्षण’ लावलं की हिशोबाची वही बंद का होते? आपल्या मराठी घरांत हा एक वीक पॉइंट आहेच, पोरांच्या शिक्षणाला नाही म्हटलं की आपण आईबाप म्हणून नापास, आणि नोटीस लिहिणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. (मी स्वतः यात एकदा अडकलेय, सांगते पुढे.)

तुम्ही नोटिशीचा फोटो पाठवलात ते बरं केलंत, मी त्यातला दिवसांचा तक्ता झूम करकरून वाचला. जाण्यायेण्यात ३ दिवस, थीम पार्कचे ३, न्यूयॉर्कचे २, आउटलेट मॉलचा १ अख्खा दिवस, आणि नासाचे किती, तर २. हे ‘नासा’ म्हणजे ऑर्लँडोपासून तासाभरावर असलेलं केनेडी स्पेस सेंटरचं व्हिजिटर कॉम्प्लेक्स. तिकीट काढून कोणीही जाऊ शकतं, तिकीट ७०-८० डॉलरच्या घरात, म्हणजे आपले सात हजाराच्या आसपास. दोन दिवसांचे पंधरा हजार धरा. ३ लाख ६० हजारांतले नासाचे पंधरा हजार. उरलेलं सगळं विमान, हॉटेल, बस, थीम पार्क, मॅनेजर, शिक्षकांचा खर्च आणि कंपनीचा नफा. यात चोरी काही नाही, टूर अशीच चालते, फक्त आपण कशाचे पैसे देतोय ते आपल्याला माहीत पाहिजे.

जागा भारी आहे, त्यात वाद नाही हं. चंद्रावर माणसं नेणाऱ्या रॉकेटांच्याच जातीचं एक सॅटर्न फाइव्ह तिथे एका हॉलमध्ये आडवं ठेवलंय, १११ मीटर लांब, म्हणजे तुमच्या घोडबंदरचा एखादा पस्तीस-छत्तीस मजली टॉवर कुणीतरी उचलून आडवा झोपवावा तसं. अटलांटिस हे खरंखुरं शटल आहे, ३३ वेळा अंतराळात जाऊन २०११ साली शेवटचं उतरलेलं. आणि काळ्या ग्रॅनाइटची एक भिंत आहे, अंतराळ मोहिमांसाठी प्राण गमावलेल्या अंतराळवीरांची नावं कोरलेली, त्यात आपल्या कल्पना चावलाचं नाव आहे. १६ जानेवारी २००३ ला ती तिथूनच उडाली होती. आठवीतल्या मुलीच्या अंगावर काटा येईल त्या भिंतीसमोर, आलाच पाहिजे. पण तो काटा बावीस-तेविसाव्या वर्षीही येतो, ती भिंत काही पळून चाललेली नाहीये.

आणि ते ‘निवड’ प्रकरण. आपल्या ठाण्यात चौकाचौकात फ्लेक्स लागतात बघा, ‘कुमारी अमुक अमुक हिची नासा भेटीसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, खाली सोसायटीचं नाव, वर नेत्याचा हात जोडलेला फोटो. निवड कसली हो, चेक पास झाला. खऱ्या निवडीही असतात, त्या कशा असतात ते बघा म्हणजे फरक कळेल. पुणे जिल्हा परिषदेने आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेला बरोबर घेऊन आपल्या शाळांतल्या मुलांच्या परीक्षा घेतल्या आणि २०२५ मध्ये नासाला पाठवायला २५ मुलं निवडली, खेड्यापाड्यातली मुलं, घरच्यांचा खर्च नाही. इस्रोचा ‘युविका’ म्हणून कार्यक्रम आहे, २०१९ पासून, नववीच्या मुलांसाठी, दोनेक आठवडे इस्रोच्या केंद्रात राहायचं, शास्त्रज्ञांकडून शिकायचं, आणि येण्याजाण्याचं रेल्वेचं तिकीट धरून खर्च इस्रो करतं. तुमची मुलगी आठवीत आहे म्हणजे पुढच्या वर्षी ती त्यात बसते, आणि निवडीत आठवीचे मार्क धरतात, म्हणजे आत्ता जी परीक्षा तोंडावर आहे तीच. ऑनलाइन क्विझ असते, विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड वगैरेचे गुण असतात. देशभरातून मोजकीच मुलं घेतात, त्यामुळे होईलच असं सांगून तिला चढवून ठेवू नका. पण फॉर्म भरायला काही जात नाही. वर्षाच्या सुरुवातीला इस्रोच्या साइटवर लक्ष ठेवा, शाळा सांगेल म्हणून थांबू नका, त्या नोटिशीत कुणाचा फायदा नसतो त्यामुळे ती बोर्डावर लागतेच असं नाही.

आता माझं प्रकरण. २०१६ ला माझा मुलगा सातवीत असताना त्याच्या शाळेने सिंगापूर काढलं होतं, ६ दिवस, ८८ हजार. आमच्याकडे तेव्हा होते, अगदी सहज नव्हते, पण होते. दिले. नंतर ‘ऑप्शनल अॅक्टिव्हिटी’ म्हणून अजून १२ हजार मागितले, जे न देणारी मुलं बसमध्ये बसून राहणार होती, मग ऑप्शनल कसलं ते, दिले. एअरपोर्टवर तीस पोरं एकसारखे केशरी टी-शर्ट घालून, आया रडतायत, पोरं ढुंकून बघत नाहीयेत. परत आला तेव्हा मी विचारलं सायन्स सेंटर कसं होतं, तर म्हणाला एसी खूप होता. बस. माझ्यासाठी तिथल्या मुस्तफा मॉलमधून टायगर बामची बाटली आणि एक नेलकटर आणलं होतं, नेलकटर अजून आहे, चांगलं आहे.

मग दोनेक महिन्यांनी एकदा जेवताना सहज बोलला. पहिल्या रात्री त्याचा रूम पार्टनर ओकला, सगळं बेडवर. रात्रीचे दोन. हा उठला, दिवा लावला, सरांच्या रूमचा नंबर माहीत नव्हता तर इंटरकॉमवरून रिसेप्शनला फोन लावून मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये ‘माय फ्रेंड व्हॉमिट, प्लीज चादर’ म्हणाला. चादर हा शब्द त्या बाईला कळेना, मग यानेच ती गोळा करून बाथरूममध्ये नेऊन ठेवली, आपली चादर त्याला दिली आणि स्वतः टॉवेल पांघरून झोपला. हा मुलगा घरी पाण्याचा ग्लास उचलत नव्हता! ते ऐकून मला वाटलं, चला, लाखभर फुकट गेले नाहीत. पण खरं सांगायचं तर तोच ओकणारा मित्र राजमाचीच्या कॅम्पलाही ओकला असता आणि आमच्या चिरंजीवांनी तिथेही चादर बदलली असती, दोन हजारात. आईबापाशिवाय चार रात्री राहणं हे खरं शिक्षण, आणि त्याला पासपोर्ट लागत नाही.

तुमच्या सासूबाईंचं ‘पोरीला एकटीला कशाला’ मात्र मला पटलं नाही. एकटीला पाठवाच. फक्त आधी कर्जत-भंडारदऱ्यापासून सुरू करा.

आकड्यांकडे येऊ. ३ लाख ६० हजारांवर टूर पॅकेजचा जीएसटी ५ टक्के, म्हणजे १८ हजार, झाले ३ लाख ७८ हजार. यात टीसीएस (टूर कंपनी आपल्याकडून आगाऊ घेते तो टॅक्स) अजून धरलेलाच नाही, बॅग, जॅकेट, हातखर्चाचे डॉलरही नाहीत. एफडीतून एवढे गेले की उरले ४२ हजार. तुमचं घर १ लाख १५ हजारांवर चालतं, म्हणजे ४२ हजारांत घर चालेल ११ दिवस. टूर ११ दिवसांची आणि शिल्लक पण ११ दिवसांची. त्यात सासऱ्यांचा गुडघा आहे, जो कधी ‘आता करायलाच पाहिजे’ म्हणेल ते त्याचं तोच ठरवणार.

लोनचं बघा. १२ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी ३ लाख ६० हजार काढले तर हप्ता बसतो महिन्याला ११ हजार ९५७, एकूण फेड ४ लाख ३० हजारांच्या वर. ती अकरावीत जाऊन बसेल, क्लासची फी समोर येईल, आणि तुम्ही अजून आठवीतल्या ट्रिपचा हप्ता भरत असाल. कागदावर तुमचे महिन्याला ३० हजार उरतात, म्हणजे ही ट्रिप ही तुमची बरोब्बर एका वर्षाची बचत आहे, आणि कागदावरचे ३० हजार प्रत्यक्षात किती उरतात ते गाडीचा इन्शुरन्स, दिवाळी आणि गावचं लग्न आलं की तुम्हाला मला दोघींना माहितीये.

म्हणजे परदेशी ट्रिपा सगळ्या वाईट का? अजिबात नाही. ज्यांचे सहा महिन्यांच्या घरखर्चाचे पैसे बाजूला काढून वर हे देता येतात त्यांनी खुशाल पाठवावं, आणि पोर परत आल्यावर ‘काय शिकलीस’ म्हणून डोकं खाऊ नये, टूर होती, मजा केली, झालं. हे सदर वाचणाऱ्या बाकीच्या आयांपैकी कुणी हो म्हणायच्या विचारात असेल तर त्यांच्यासाठी दोनचार गोष्टी भराभर सांगते. व्हिसा रिजेक्ट झाला तर किती पैसे परत, हे तोंडी नको, लेखी घ्या, कारण अमेरिकेच्या व्हिसाची १८५ डॉलर फी तर जातेच, बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीच्या इंटरव्ह्यूत काय होईल ते ना शाळेच्या हातात ना कंपनीच्या. पावती कुणाच्या नावाची मिळणार, शाळेच्या की ट्रॅव्हल कंपनीच्या, कारण काही बिनसलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. किती मुलांमागे एक शिक्षक, आणि मुलींबरोबर बाई आहेत की नाही. शिक्षक फुकट जातायत का, जातच असतात, तो खर्च पोरांच्या पैशातच बसवलेला असतो, विचारलं की चेहरे बघण्यासारखे होतात. इन्शुरन्सचा कागद मागा, अमेरिकेत दवाखाना म्हणजे काय खर्च असतो ते तिकडच्या कुठल्याही नातेवाइकाला विचारा. आणि टीसीएस. टूर पॅकेजवर तो कापतात, दर बदलत राहतो (२०२३ च्या ऑक्टोबरपासून ७ लाखांपर्यंत ५ टक्के होता, २०२५ च्या एप्रिलपासून ती मर्यादा १० लाख झाली, २०२६ च्या एप्रिलपासून सरसकट २ टक्के, त्यामुळे तुमच्या इन्व्हॉइसवर किती लावलाय ते बघा), पण हा खर्च नाही, आगाऊ घेतलेला टॅक्स आहे, रिटर्न भरताना क्रेडिट मिळतं. म्हणून पावतीवर आई किंवा बाबा जो रिटर्न भरतो त्याचाच पॅन द्या. कितीतरी लोक हे पैसे सोडून देतात, का तर कुणी सांगितलंच नाही.

आता त्या प्रश्नाबद्दल, जो खरं तर तुमच्या पत्रातला मुख्य प्रश्न आहे आणि तुम्ही तो सगळ्यात शेवटी लिहिलाय. ‘आपण गरीब आहोत का.’

तिला खोटं सांगू नका. व्हिसा मिळणार नाही, शाळेने नावंच फुल झाली म्हणून सांगितलं, बाबांना सुट्टी नाही, यातलं काहीही नको, मैत्रिणींच्या ग्रुपवर पाच मिनिटांत उघडं पडतं. आणि ‘आजोबांच्या गुडघ्यासाठी तुझी ट्रिप राहिली’ हे तर चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. म्हातारा माणूस त्याच घरात काठी टेकत फिरणार, आणि ती दरवेळी त्या काठीकडे बघून फ्लोरिडा आठवणार, दोघांवरही अन्याय. रविवारी दुपारी तिला समोर बसवा, तिच्याच गणिताच्या वहीचं मागचं पान घ्या, वर लिहा १ लाख ४५ हजार, आणि खाली एकेक वजाबाकी तिला करू दे. घराचा हप्ता. तिची फी. किराणा. लाइट बिल. तेरा वर्षांची मुलगी आहे, चक्रवाढ व्याज तिला शाळेत शिकवतातच, लोनचं व्याजही तिलाच काढू दे. मी माझ्या मुलाबरोबर हे दहावीत केलं होतं, तेव्हा वाटलं उशीरच झाला. पहिल्यांदा त्याने विचारलं ‘मेंटेनन्स एवढा?’ आणि त्या दिवसापासून पंख्याचं बटण बंद करायला लागला, चार दिवस टिकलं, पण लागला.

आणि वर्गातल्या ३८ पैकी १४ चाललेत म्हणजे २४ नाही चाललेत, हे तिला कुणी मोजून दाखवलंच नाहीये. जाणारे बोलतात, न जाणारे गप्प बसतात, म्हणून वर्गात वाटतं सगळेच चालले. त्या २४ मधल्या दोघीतिघींच्या आयांना फोन करा, तुम्ही पहिला फोन केलात की बघा त्या किती मोकळ्या होतात, प्रत्येकीला वाटत असतं आपलंच घर तेवढं मागे.

मे महिन्यातले ते ११ दिवस मात्र जड जाणार, त्याची तयारी ठेवा. फ्लोरिडा तेव्हा आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणजे त्यांची सकाळ झाली की आपल्याकडे संध्याकाळी सहा-साडेसहाला स्टेटस पडायला लागणार, रॉकेटसमोर, मिकी माऊससमोर. त्या वेळी ती घरी सोफ्यावर फोन घेऊन बसलेली नको. मुलीला खरंच आकाश, रॉकेट यात रस असेल (आधी हे तपासा, कदाचित तिला फक्त मैत्रिणींबरोबर जायचं असेल आणि तेही काही पाप नाही) तर खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतं, पावसाळा सोडून. ठाण्याहून कर्जत लोकल पकडायची, बदलापूरच्या पुढे उतरायचं, सतरंजीवर आडवं पडून पहाटेपर्यंत आकाश बघायचं. मी गेलेय, माझी मान आठवडाभर दुखत होती पण दुर्बिणीतून शनीची कडी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी चारचौघांत ‘अय्या’ ओरडले होते, चाळीस वर्षांची बाई. माळशेजमार्गे तीन-साडेतीन तासांवर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही भलीमोठी रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, जगभरातले शास्त्रज्ञ त्या वापरायला वेळ मागतात आणि आपण शेजारच्या रस्त्याने द्राक्षं घेत शिर्डीला जातो. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना बघायला खुली असते.

आणि रॉकेट उडताना बघायचंच असेल तर केनेडीला त्या दोन दिवसांत ते दिसेलच असं नाही, श्रीहरिकोटाला २०१९ पासून लोकांसाठी गॅलरी आहे, इस्रोच्या साइटवर नाव नोंदवायचं, फुकट. चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. तारखा पुढे ढकलल्या जातात, म्हणून परतीचं तिकीट घट्ट काढू नका. तुम्ही तिघं जाऊन याल आणि एफडी जागेवर राहील.

पासपोर्ट मात्र या सुट्टीत काढून टाका. वागळे इस्टेटला जायचं, लहान मुलांची फी हजार रुपये, आईबाप दोघांच्या सह्यांचं अनेक्शर लागतं, ५ वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो. तिच्या हातात तिच्या नावाचं ते निळं पुस्तक येऊ दे, भले कोरं का असेना.

मिस्टरांशी बोलताना हा लेख दाखवू नका, ‘कुणीतरी बाई म्हणाली’ म्हटलं की पुरुष हटून बसतात. ती वहीची वजाबाकी त्यांच्यासमोरच होऊ दे, लेक करत असताना त्यांना मध्ये बोलता येणार नाही.

आणि हो, शाळेच्या फॉर्मवर ‘नाही’वर टिक करून पाठवायचं असतं ना, त्याच्या खाली ‘कारण’ म्हणून एक रकाना असतो. तो रिकामा सोडा.